टायरच्या कडेवरील आकडे काय सांगतात?

मोटार विकत घेताना तिचा रंग, तिचे इंजिन, एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर धावेल याची बारकाईने चौकशी होते. टायर बदलण्याची वेळ आली, की मात्र बहुतेक वाहनधारक दुकानदाराला गाडीचे नाव सांगतात आणि भाव विचारतात. ज्यांना थोडी अधिक माहिती असते ते ‘१६५, ८०, १४’ असे माप सांगतात आणि तेवढ्यावर व्यवहार पुरा होतो. वास्तविक, टायरच्या कडेवर या तीन आकड्यांनंतरही बरेच काही उमटवलेले असते. पहिले आकडे टायर गाडीला बसेल की नाही, एवढेच सांगतात. तो गाडीचे ओझे, महामार्गावरचा वेग आणि वैशाखातले ऊन सोसेल की नाही, याचे उत्तर त्यापुढच्या आकड्यांत आणि अक्षरांत दडलेले असते.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. सातशे एक किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या या काँक्रीटच्या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांनी सर्वांनाच खडबडून जागे केले. २०२३ मध्ये परिवहन विभागाला महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासण्याची आणि गुळगुळीत टायर असलेली वाहने परत पाठवण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. शहरात वर्षानुवर्षे तक्रार न करणारा टायर अशा रस्त्यावर तासाभरात दगा देऊ शकतो. तो दगा देण्याची शक्यता किती, हे बऱ्याच अंशी त्याच्या कडेवर आधीच लिहिलेले असते.

एका ओळीत सारा तपशील

उदाहरणादाखल ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ ही ओळ घेऊ. मध्यम आकाराच्या अनेक मोटारींच्या टायरवर ती आढळते.

यातील १८५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ही रुंदी रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागाची नव्हे. टायर योग्य रिमवर चढवून त्यात हवा भरल्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जे अंतर भरते, ती ही रुंदी होय.

तिरप्या रेषेनंतरचा ६५ हा आकडा मिलिमीटर नसून टक्केवारी आहे. रिमच्या काठापासून जमिनीपर्यंतची टायरची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. हा आकडा जितका लहान, तितका टायर बुटका. बुटका टायर वळणावर कमी झुकतो आणि गाडी अधिक काबूत राहते. पण खड्ड्याचा धक्का पचवायला त्याच्यापाशी रबर आणि हवा कमी असते. शोरूममध्ये डौलदार दिसणारे मोठे रिम आणि त्यावरचा पातळ टायर पावसाळ्यातल्या खड्ड्यांत लवकर जायबंदी होतो, याचे कारण हेच.

‘आर’ हे अक्षर पुष्कळांना रिमचे किंवा त्रिज्येचे वाटते. ते ‘रेडियल’ या बांधणीचे आहे. त्यानंतरचे १५ म्हणजे ज्या रिमवर हा टायर बसतो त्या रिमचा व्यास, आणि तो इंचांत असतो. शेवटी ८८ हा भारांक आणि ‘एच’ हे वेगाचे अक्षर. दुकानातल्या बोलण्यात नेमके हेच दोन गाळले जातात.

मिलिमीटर, टक्के आणि इंच

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच एकत्र नांदावेत, याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. ही खिचडी इतिहासाने शिजवली आहे. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये मांडली. पण ती व्यवहारात रुजली ती जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये सायकलसाठी असा टायर नव्याने तयार केल्यावर. पुढे मोटारी आल्या तेव्हा रुंदी आणि रिम ही दोन्ही मापे इंचांतच दिली जाऊ लागली. टायरची उंची त्या काळी जवळजवळ रुंदीइतकीच असे. त्यामुळे ती वेगळी सांगण्याची गरजच नव्हती.

भारतीय रस्त्यांनी हा काळ अगदी अलीकडेपर्यंत पाहिला. अॅम्बॅसडरच्या टायरवर ‘५.९०-१५’, तर प्रीमियर पद्मिनीच्या टायरवर ‘५.२०-१४’ असे माप असे. पहिला आकडा इंचांतली रुंदी, दुसरा इंचांतला रिम आणि मधली आडवी रेघ ही जुन्या, आडव्या-तिडव्या थरांच्या बांधणीची खूण. बजाज चेतक स्कूटरचे ‘३.५०-१०’ हे मापही त्याच कुळातले. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली; पण इंचांची ही भाषा दुचाकींच्या आणि मालमोटारींच्या टायरवर आजही वाचायला मिळते.

मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि युरोपात रुंदी मिलिमीटरमध्ये सांगण्याची पद्धत रूढ झाली. टायर बुटके होऊ लागले तसा उंचीचा टक्का जोडावा लागला. रिम मात्र जगभर इंचांतच बनत राहिले. मिलिमीटरमधील रिम आणण्याचा प्रयत्न मिशेलिननेच सत्तरच्या दशकात करून पाहिला, तो टिकला नाही. नवे माप जुन्याला जोडले गेले, जुने कोणी पुसले नाही आणि आजची संमिश्र ओळ तयार झाली.

जेथे टक्केवारी दिलेली नसते तेथे फसगत होण्याचा संभव अधिक. मारुती ८०० या मोटारीला ‘१४५/७० आर १२’ या मापाचे टायर असत, तर त्याच कंपनीच्या ओम्नीला ‘१४५ आर १२ एलटी’. दोन्हींत १४५ आहे, दोन्हींत १२ आहे. म्हणून दोन्ही एकच, असा समज करून घेणारे कमी नव्हते. टक्केवारी दिलेली नसली तर ती ८० च्या किंचित वर धरायची असते. त्यामुळे ओम्नीचा टायर मारुती ८०० च्या टायरपेक्षा व्यासाने तीन सेंटिमीटरहून अधिक मोठा भरतो. शिवाय ‘एलटी’ ही अक्षरे तो हलक्या मालवाहू वाहनांच्या ओझ्यासाठी बांधलेला आहे, हे सांगतात. माणसे आणि सामान यांनी खच्चून भरलेल्या ओम्नीखाली मारुती ८०० चा टायर घालणे म्हणजे पोत्यांच्या गाडीला टांग्याचे चाक लावणे होय.

बांधणीचा फरक

टायर केवळ रबराचा नसतो. रबराच्या आत मजबूत दोऱ्यांचे थर असतात आणि ओझे पेलते ते हवेने ताणलेले हे थर. जुन्या बांधणीत हे दोरे तिरपे जातात आणि एकावर एक असलेले थर परस्परांना फुलीसारखे छेदतात. टायर दबला, की हे थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. रेडियल बांधणीत मुख्य दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे कड लवचीक राहते, तळ सपाट टेकतो, टायर कमी तापतो आणि अधिक टिकतो. मोटारींसाठी आज जवळजवळ सर्वत्र रेडियल टायरच वापरले जातात. एकाच धुरीवर एक रेडियल आणि एक जुन्या बांधणीचा टायर लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. दोघांचे वळणावरचे वागणे इतके वेगळे असते, की ऐन वेळी गाडी एका बाजूला खेचली जाते.

मालमोटारींच्या टायरवर ‘१६ पीआर’ असा शेरा दिसतो. दोरे सुती होते त्या काळी हा आकडा खरोखरच थरांची संख्या सांगत असे. नायलॉन आणि पोलाद आल्यावर थोड्या थरांत तेवढेच बळ मिळू लागले. त्यामुळे ‘१६ पीआर’ म्हणजे सोळा थर नव्हेत, तर सोळा सुती थरांच्या तोडीचे बळ.

भारांक : ओझ्याचा हिशेब

८८ हा भारांक किलोग्रॅममध्ये नाही. तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. त्या तक्त्यानुसार नेहमी लागणारे काही आकडे असे :

७५ – ३८७ किलो
८० – ४५० किलो
८५ – ५१५ किलो
८८ – ५६० किलो
९१ – ६१५ किलो
९५ – ६९० किलो
१०० – ८०० किलो

एका अंकाचा फरक क्षुल्लक वाटला, तरी त्याने पेलण्याची क्षमता साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी बदलते. ८८ च्या जागी ८५ चा टायर आला, तर प्रत्येक चाकामागे ४५ किलो आणि चार चाकांमागे १८० किलो क्षमता कमी झाली. म्हणजे अडीच-तीन माणसांचे वजन.

‘चार टायर मिळून २२४० किलो पेलतात आणि गाडी तर हजार किलोचीही नाही, मग चिंता कसली?’ असा युक्तिवाद ऐकू येतो. तो फसवा आहे. चारही चाकांवर ओझे कधीच सारखे नसते. जोरात ब्रेक दाबला, की वजन पुढच्या चाकांवर झुकते. वळणावर ते बाहेरच्या बाजूला जाते. दिवाळीला गावी निघालेल्या कुटुंबाचे सारे सामान मागच्या धुरीवर बसते. त्यातच एखादा खड्डा आला, तर क्षणभर एकाच टायरवर कितीतरी पट भार येतो. भारांकातली शिल्लक असते ती अशा क्षणांसाठी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भारांकाने दिलेले वचन ठरावीक हवा भरलेली असेल तरच पाळले जाते. काही टायरवर ‘एक्सएल’ अशी अक्षरे असतात. तो टायर त्याच मापात अधिक ओझे पेलतो. पण ते जास्त दाबाच्या हवेवर. १८५/६५ आर १५ याच मापात ५६० किलोचा साधा टायरही मिळतो आणि ६३० किलोचा ‘एक्सएल’ही. दोघांचे माप एकच; ताकद मात्र निराळी.

वेगाचे अक्षर

भारांकाला चिकटून येणारे अक्षर, भारांकाइतके ओझे घेऊन टायर जास्तीत जास्त किती वेग सोसू शकतो, हे दाखवते. दुचाकींवर बहुधा दिसणारे ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटर, ‘पी’ म्हणजे १५०. मोटारींवरील ‘एस’ म्हणजे १८०, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३००. यात ‘एच’ वर्णमालेची शिस्त मोडून ‘यू’ आणि ‘व्ही’ यांच्यामध्ये बसलेले दिसते. सुरुवातीला वेगाचे ‘एस’, ‘एच’ आणि ‘व्ही’ असे तीनच वर्ग होते. पुढे इतर अक्षरे भरत गेली, ‘एच’ जागचे हलले नाही.

आपल्याकडे कोठेही ताशी १९० किलोमीटरने गाडी चालवण्यास परवानगी नाही. मग या अक्षराकडे पाहायचे कशासाठी? कारण ते खरे तर उष्णता सोसण्याच्या क्षमतेचे अक्षर आहे. टायर फिरताना जमिनीला टेकणारा त्याचा भाग दबतो आणि उचलला गेला, की पुन्हा फुलतो. या प्रत्येक दबण्या-फुलण्यात थोडी उष्णता निर्माण होते. १८५/६५ आर १५ या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो, १२० ला सतरा वेळा. तासाभरात त्याचा प्रत्येक इंच साठ हजारांहून अधिक वेळा चिरडला जातो. निर्माण होणारी उष्णता बाहेर पडण्यास वेळ मिळाला नाही, तर रबर आणि पोलादी पट्टे यांची पकड सैल होते आणि टायरची साल निघते किंवा तो फुटतो.

हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक तापतो. म्हणजे कमी हवा, जादा सामान, सलग वेग आणि विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा हे चार घटक एकत्र आले, की टायरच्या कडेवर लिहिलेली सारी वचने मोडीत निघतात. जादा हवेने टायर फुटतो, हा समज दृढ आहे. त्यापायी उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवणारे चालक नेमके उलट करतात. धावलेल्या टायरमधला दाब चार-पाच पौंडांनी वाढणे स्वाभाविक असते आणि टायर बनवताना तो विचारात घेतलेला असतो. तापलेल्या टायरमधली हवा सोडली, तर थंड झाल्यावर ती गरजेपेक्षा कमी भरते.

हवा किती भरावी, हे मात्र टायरवर पाहू नये. कडेवर ‘मॅक्स’ या शब्दासह ४४ किंवा ५१ पीएसआय असा आकडा असतो. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. गाडीसाठी योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्यात दिलेला असतो. बहुतेक मोटारींसाठी तो तिशीच्या घरात असतो आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा असतो. टायरचे मूळ मापही त्याच तक्त्यावर असते. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.

जन्मतारीख

कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणारी एक लांब ओळ असते. तिच्या शेवटचे चार अंक म्हणजे टायरची जन्मतारीख. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ या वर्षाचा तेविसावा आठवडा, म्हणजे जून महिना. हे चार अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. ते आतल्या बाजूला आले, तर गाडीखाली वाकून पाहावे लागते. २००० पूर्वी येथे तीनच अंक असत. त्यामुळे तीन अंकी खूण असलेला टायर पाव शतकाहून जुना आहे, हे निश्चित समजावे.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतील प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांच्यामुळे ते हळूहळू कडक होते. त्यावर बारीक चिरा पडतात. रबरात मिसळलेली संरक्षक द्रव्ये टायर फिरत राहिला तर पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला तेही भाग्य लाभत नाही. पाच वर्षे झाल्यावर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनी तो बदलावा, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. काही मोटार उत्पादक तर सहा वर्षांचीच मुदत सांगतात. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाणारी आणि एरवी सोसायटीच्या आवारात उभी असणारी गाडी बारा हजार किलोमीटरच चाललेली असते, नक्षी नव्यासारखी दिसते आणि टायर मात्र नऊ वर्षांचा असतो. अशी गाडी एकदम लांबच्या प्रवासाला काढणे जोखमीचे ठरते.

या नियमातून सर्वाधिक सुटतो तो पाचवा टायर. त्याला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द वेल्समधील लॅनेली या गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी अडचणीच्या वेळी लावण्याचे जादा चाक विकण्यास आरंभ केला. त्यांच्या देशात हा शब्द विस्मरणात गेला. भारतात तो घराघरात राहिला. डिकीच्या तळाशी पडून असलेल्या या चाकाचे वय कोणी पाहत नाही. चारही टायर बदलले जातात आणि स्टेपनी गाडीच्या जन्मापासून तीच राहते. शिवाय अनेक गाड्यांत ती इतर चाकांपेक्षा लहान मापाची असते. तिच्या मापाआधी ‘टी’ हे अक्षर असेल, तर ती केवळ तात्पुरत्या वापरासाठी आहे. अशा चाकावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या नऊ आसनांपर्यंतच्या मोटारींना स्टेपनीची सक्ती नसल्याचा नियम २०२० मध्ये आला. त्यामुळे नवी गाडी घेताना ती आहे की नाही, हेही पाहिलेले बरे.

झीज दाखवणारी खूण

टायरच्या खांद्यावर ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. तेथून आत पाहिले, तर चरांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे दिसतात. मोटारीच्या टायरमध्ये त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नव्या टायरचे चर साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. ते झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आले, की टायरचे आयुष्य संपले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मोटारींसाठी किमान खोली १.६ मिलिमीटरच सांगितली आहे. पावसात टायरखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम हे चर करतात. ते उथळ झाले, की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात.

जुने टायर घेताना एका फसवणुकीपासून सावध राहावे. गुळगुळीत झालेल्या टायरवर तप्त पात्याने नवे चर कोरून तो चांगला म्हणून विकला जातो. काही मालमोटारींच्या टायरमध्ये त्यासाठी जादा रबर ठेवलेले असते आणि त्यांच्या कडेवर ‘रिग्रूव्हेबल’ असे लिहिलेले असते. मोटारीच्या टायरवर असे चर कोरणे म्हणजे पोलादी पट्ट्यांवरचे उरलेसुरले आवरण कापणे होय. चरात झिजेचे उंचवटे कोठेच दिसत नसतील, तर तो टायर हाती घेऊ नये.

माप वाढवताना

रुंद टायर लावण्याची हौस तरुण वाहनधारकांत मोठी आहे. त्यात गैर काही नाही. मात्र हिशेब चुकता कामा नये. मारुती स्विफ्टच्या २०१८ मध्ये आलेल्या पिढीत काही आवृत्त्यांना १६५/८० आर १४, तर वरच्या आवृत्त्यांना १८५/६५ आर १५ हे टायर होते. पहिल्याचा एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रुंदी वाढली, रिम वाढला, उंची घटली आणि बेरजेत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडला. माप असे बदलायचे असते.

हिशेब सोपा आहे. रुंदीला टक्केवारीने गुणून उंची काढावी, तिची दुप्पट करावी आणि रिमचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवावेत. आता १८५/६५ आर १५ च्या जागी कोणी २०५/६५ आर १५ लावला, तर व्यास ६४७.५ मिलिमीटर होतो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढ. वेगाचा काटा आधी अचूक होता असे धरले, तर तो १०० दाखवत असताना गाडी १०४ ने धावत असते. पूर्ण वळणावर टायर आतल्या पत्र्याला घासण्याचा संभव असतो, तो वेगळाच. बदललेल्या टायरचा भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे, हा नियम तर कोणत्याही परिस्थितीत मोडू नये.

दुचाकी आणि मालमोटारी

दुचाकींनाही हीच भाषा लागू पडते. होंडा अॅक्टिव्हाच्या ‘९०/१०० - १० ५३ जे’ या टायरची रुंदी ९० मिलिमीटर, उंची तेवढीच, रिम दहा इंचांचा, भार २०६ किलो आणि वेग ताशी १०० किलोमीटर. दुचाकीच्या टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही असतो. पंक्चर काढल्यावर चाक उलटे बसवले, तर चरांची पाणी फेकण्याची रचनाच उलटी होते.

बस आणि मालमोटारींच्या ‘२९५/८० आर २२.५ १५२/१४८ एम’ या मापात भारांक दोन असतात. टायर एकेकटा असेल तर ३५५० किलो, मागच्या धुरीवर जोडीने असेल तर प्रत्येकी ३१५० किलो. जोडीतल्या दोघांवर ओझे समसमान पडत नाही आणि आतल्या टायरला वाराही कमी लागतो, म्हणून ही कपात.

टायर घेताना

भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आवश्यक ठरवले. मोटारींसाठी त्याचा मानक क्रमांक आयएस १५६३३, तर दुचाकी व तीनचाकींसाठी आयएस १५६२७ हा आहे. त्याखेरीज दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात :

- दाराजवळच्या तक्त्यावरील संपूर्ण माप लिहून न्यावे. केवळ गाडीचे नाव सांगू नये.
- भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरइतके किंवा त्याहून वरचे असावे.
- जन्मतारखेचे चार अंक टायर रिमवर चढवण्यापूर्वी वाचावेत. जोडीने घेतलेल्या टायरच्या तारखा जवळपासच्या असाव्यात.
- ‘आउटसाइड’ असे लिहिलेली बाजू बाहेर आणि बाण पुढच्या दिशेला आहे, याची खात्री करावी.
- स्टेपनीची तारीख आणि हवा त्याच वेळी तपासून घ्यावी.

या साऱ्याला पाच मिनिटे पुरतात आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. धावणारी गाडी जमिनीला टेकते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. दुकानदार ‘माप तेच आहे, बसून जाईल’ असे म्हणाला, तर ग्राहकाने मापापुढचे आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत.